बर्था बेंझ: जगातली पहिली लांबची कारसफर करणारी बाई

मागच्या पावसाळ्यात वडिलांची जुनी गाडी घेऊन मी एकटाच पुण्याहून वाईला निघालो. खंबाटकी घाटात गाडीने आचके दिले आणि बंद पडली. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला, बारीक तारेने जेटमधला कचरा काढला आणि दहा मिनिटांत गाडी सुरू! तेव्हा मला बर्था बेंझ आठवली. हेच काम तिने 1888 मध्ये हॅटच्या पिनेने केलं होतं.

हुंड्याचे पैसे कारखान्यात

बर्थाचा जन्म 3 मे 1849 चा, जर्मनीतल्या फोर्झहाइम गावचा. कार्ल बेंझशी लग्न झालं 1872 मध्ये, पण त्याआधीच तिने आपल्या हुंड्यातली रक्कम मागून घेतली आणि कार्लच्या भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन कारखाना वाचवला. पुढेही पैशांची ओढाताण चालूच राहिली. 29 जानेवारी 1886 ला कार्लने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटार तयार झाली, पण गिऱ्हाईक काही मिळेना. बिनघोड्याच्या गाडीवर लोकांचा भरवसाच नव्हता. कार्ल इंजिनिअर म्हणून हुशार, पण माल विकणं त्याला जमत नव्हतं. घरची सगळी पुंजी या एका यंत्रात अडकलेली होती.

नवऱ्याला न सांगता

ऑगस्ट 1888 मध्ये एके दिवशी पहाटे बर्थाने गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर साधारण 104 किमी. एकटी नव्हती बरं का; 15 वर्षांचा ऑयगेन आणि धाकटा रिचर्ड ही दोन मुलं सोबत होती. पण मोठं माणूस तीच. तोवर ही गाडी फक्त आसपास चालवून बघितली जायची, एवढ्या लांब कोणीच नेली नव्हती.

वाटेत काय काय झालं?

- इंधन: गाडीला वेगळी टाकी नव्हती. कार्बोरेटरमध्ये मावेल तेवढंच इंधन, म्हणजे जेमतेम साडेचार लिटर. ते संपल्यावर वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन घेतलं. हे पेट्रोलसारखंच द्रव, तेव्हा डाग काढायला वापरायचे. म्हणूनच ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप मानलं जातं.
- नळी तुंबली: हॅटच्या पिनेने साफ केली.
- इग्निशनची वायर उघडी पडली: मोज्याचा पट्टा गुंडाळून इन्सुलेशन केलं.
- पाणी: इंजिन थंड ठेवणारं पाणी वाफ होऊन उडून जायचं. आजच्यासारखा बंद रेडिएटर नव्हता, त्यामुळे वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरत जायचं.
- ब्रेक: उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनिंगची सुरुवात ती हीच.
- चढ: दोन गिअरमध्ये गाडी चढेना. मग उतरून ढकलायची!

संध्याकाळी ती पोचली आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परत आली.

यातून काय मिळालं?

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही: बर्थाने नकळत जगातली पहिली रोड टेस्ट केली. वर्कशॉपमध्ये जे दोष दिसत नाहीत ते रस्त्यावर दिसतात. चढासाठी आणखी एक गिअर हवा, असं तिने सुचवलं आणि कार्लने तो बसवला. शिवाय गावोगावच्या लोकांनी ही गाडी चालताना डोळ्यांनी बघितली. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. पुढे काही वर्षांत बेंझचा कारखाना मोठा झाला.

पेटंटवर मात्र नाव एकट्या कार्लचं. बर्थाला मान मिळाला तो फार उशिरा. तिच्या 95 व्या वाढदिवशी कार्लच्याच कार्ल्सरुहच्या तंत्रविद्यापीठाने तिला मानद सेनेटर केलं. दोनच दिवसांनी, 5 मे 1944 ला, लाडेनबुर्गमध्ये ती गेली. 2008 पासून तिच्या त्या वाटेवर तिच्या नावाचे फलक लागले आहेत.

घाटात माझ्या हातात मोबाईल होता आणि मदतीला मेकॅनिक. तिच्याजवळ एक पिन, एक पट्टा आणि गाडीची पुरती ओळख होती. जुनी गाडी घेऊन निघणार असाल तर आधी ती तिसरी गोष्ट कमवा.