रॉबर्ट ब्रूस फूट

रॉबर्ट ब्रूस फूट (२२ सप्टेंबर १८३४ – २९ डिसेंबर १९१२) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व पुरातत्त्वज्ञ होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत त्यांनी सुमारे तेहतीस वर्षे काम केले. भारतातील पुराश्मयुगीन हत्यारांचा शोध लावल्यामुळे त्यांना भारतीय प्रागितिहासाचे जनक मानले जाते. दक्षिण मराठा प्रदेशाचे सर्वेक्षण, डंबळच्या टेकड्यांतील सुवर्णयुक्त क्वार्ट्झ शिरांची तपासणी आणि धारवाड संघाचे नामकरण ही त्यांची भूविज्ञानातील प्रमुख कामे होत.

== प्रारंभिक जीवन ==
फूट यांचा जन्म इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. १८५८ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. त्या वेळी थॉमस ओल्डहॅम हे संस्थेचे प्रमुख होते. फूट यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. पुढील आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी दक्षिण भारतातच व्यतीत केला.

== दक्षिण मराठा प्रदेशाचे सर्वेक्षण ==
एकोणिसाव्या शतकात बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे आणि त्यांच्या आसपासची संस्थाने मिळून होणाऱ्या भूभागाला दक्षिण मराठा प्रदेश असे म्हणत. या प्रदेशाच्या भूरचनेवरील फूट यांचा सविस्तर ग्रंथ १८७६ मध्ये सर्वेक्षणाच्या स्मृतिग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. दक्षिण कोकणच्या भूरचनेचा आराखडा सी. जे. विल्किन्सन यांनी त्यापूर्वी, १८७१ मध्ये, मांडला होता.

सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंस जुन्या खडकांवर दक्खनच्या ज्वालामुखी लाव्ह्याचे थर पसरलेले आहेत. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये परिसरात या बेसाल्टवर जांभ्याचे आवरण आहे. त्यामुळे त्याखालचे प्राचीन खडक तेथे नजरेस पडत नाहीत. दक्षिणेकडे लाव्ह्याची सीमा संपते आणि कलादगीचे वालुकाश्म व चुनखडक, पट्टिताश्म आणि सुभाजा खडक उघडे पडतात. सोन्याचा शोध दक्षिण मराठा प्रदेशाच्या या दक्षिण भागात घेतला जाण्याचे कारण या रचनेत आहे.

याच सर्वेक्षणात बेळगाव जिल्ह्यातील गोकाकजवळ फूट यांना गेंड्याच्या एका नामशेष जातीचे जीवाश्म मिळाले. १८७४ मध्ये त्यांनी या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले व तिला दक्खनवरून नाव दिले.

== डंबळच्या टेकड्यांतील सोने ==
डंबळ व कप्पतगुड्ड या टेकड्या आजच्या गदग जिल्ह्यात असून त्या काळी त्या मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात मोडत. तेथील ओढ्यांची वाळू धुऊन सोने काढणाऱ्या लोकांना जालगार म्हणत. मोठा पाऊस पडून गेल्यावर ओढ्यात नवी वाळू साचे आणि जालगार ती लाकडी पात्रात धुवून काढीत. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाई व तळाशी जड काळी रेती आणि सोन्याचे बारीक कण उरत.

वाळूत सोने सापडते म्हणजे डोंगरात श्रीमंत खाण असली पाहिजे, असा समज सहज होतो. हा समज तपासून पाहण्याचे काम फूट यांच्याकडे आले. त्यांचा अहवाल १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी टेकड्यांतील खडकांची डोणी, कप्पतगुड्ड व सोरटूर अशा तीन श्रेणींत विभागणी केली. सोन्याचा संबंध मुख्यतः सोरटूर श्रेणीशी, म्हणजे हॉर्नब्लेंड व क्लोराइट यांनी युक्त सुभाजा खडकांशी, असल्याचे त्यांनी दाखवले.

अशा खडकांच्या भेगांतून खोलवरचे उष्ण द्रव वर येतात. ते निवताना त्यांतील सिलिका क्वार्ट्झच्या रूपाने साठते आणि तिच्यासोबत अल्प प्रमाणात सोनेही साठते. खडक झिजला की हे कण सुटे होऊन ओढ्यात जातात. हजारो वर्षांच्या झिजेतून वाळूत सोने गोळा होत असल्याने मूळ शीर गरीब असली तरी ओढ्यात सोने मिळू शकते. फूट यांनी शिरांविषयी सावध मत दिले व मोठ्या लाभाची आशा दाखवली नाही.

या सावधपणाचे मोल लवकरच कळून आले. १८८० च्या सुमारास वायनाडच्या सोन्यासाठी लंडनमध्ये अनेक कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांतील बहुतेक थोड्याच वर्षांत बुडाल्या. गदगच्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाणी चालल्या. त्यांपैकी एका खाणीला सांगली संस्थानावरून नाव मिळाले होते, कारण शेजारचा शिरहट्टी तालुका सांगलीकरांच्या अमलाखाली होता. या खाणीही फार काळ टिकल्या नाहीत.

== धारवाड संघ ==
१८८१ मध्ये फूट यांनी म्हैसूर संस्थानातील सुवर्णक्षेत्रांचा दौरा केला. पट्टिताश्मांत लांबट पट्ट्यांच्या रूपाने दुमडलेले सुभाजा खडक ही स्वतंत्र खडकमाला आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. धारवाड शहरावरून १८८६ मध्ये त्यांनी तिला धारवाड हे नाव दिले. १८८८-८९ मधील लेखांत त्यांनी ही माला दक्षिण भारतातील प्रमुख सुवर्णयुक्त खडकमाला असल्याचे मांडले. सोने कोठे शोधावे आणि कोठे शोधू नये, याला त्यामुळे प्रथमच नकाशाचा आधार मिळाला.

या खडकांच्या वयाविषयी व उत्पत्तीविषयी पुढे म्हैसूरच्या काही भूवैज्ञानिकांनी वेगळी मते मांडली आणि हा वाद दीर्घकाळ चालला. धारवाड हे नाव मात्र कायम राहिले.

== प्रागितिहास ==
३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लवरम येथे फूट यांना दगडी हातकुऱ्हाड सापडली. त्याच वर्षी विल्यम किंग यांच्यासमवेत त्यांनी अत्तिरमपक्कम हे स्थळ शोधले. या स्थळावरील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे एकविसाव्या शतकातील कालमापनातून दिसून आले. १८८४ मध्ये फूट यांनी कर्नूल भागातील बिल्ल सर्गम गुहांचे उत्खनन केले. बेल्लारी भागातील राखेचे ढिगारे व नवाश्मयुगीन वस्त्या यांकडेही त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले.

== उत्तरायुष्य व वारसा ==
१८९१ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी बडोदा संस्थानासाठी काम केले. त्या संस्थानाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ १८९८ मध्ये निघाला. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूरच्या भूविज्ञान खात्याचे ते पहिले प्रमुख होते. सेलमजवळील येरकाड येथे ते स्थायिक झाले होते. प्रागैतिहासिक वस्तूंचा आपला संग्रह त्यांनी १९०४ मध्ये मद्रासच्या शासकीय संग्रहालयाला विकला. त्याची सूची त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. फूट यांचे निधन कलकत्ता येथे झाले. येरकाडच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्यांचे स्मारक आहे.