जोतीरावांच्या उशाशी

आईच्या ऑपरेशनच्या वेळी राजूरहून नागपूरला मी एकटीच तिच्याबरोबर गेले. मला भाऊ नाही. भेटायला येणाऱ्या बायका, हिला मुलगा हवा होता, म्हणून हळहळत. रात्री तिच्या उशाशी बसले असता मला जोतीराव फुल्यांचे घर आठवे.

जोतीराव व सावित्रीबाईंना पोटचे मूल नव्हते. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी आपला म्हणून वाढविला. १८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायू झाला. उजवे अंग लुळे पडले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी औषधोपचार केले. सावित्रीबाईंनी रात्रंदिवस शुश्रूषा केली. जोतीराव थोडे सावरले आणि डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहू लागले. ते त्यांनी पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाईंनीच ते हाती घेतले. पुढच्या वर्षी यशवंताने वडिलांचे पुस्तक छापले.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याला बोलावून हडपसरजवळ दवाखाना घालविला. रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला व १० मार्चला त्या गेल्या. मुलगा डॉक्टर असूनही आई वाचली नाही. पण दोघांनी मिळून केलेली सेवा वाया गेली नाही.

माझी आई आता घरात हिंडतेफिरते. कोणी मुलाची गोष्ट काढली, की मी यशवंताची सांगते. उशाशी बसतो तोच मुलगा, मग तो पोटचा असो, दत्तक असो की लेक असो.