ताटावरचे निळे अस्वल: कोण होते जोसाया स्पोड?

इटियाडोह (जि. गोंदिया) : नवेगावच्या जंगलातल्या अस्वलांचे आपल्याला नवल नाही. पण 200 वर्षांपूर्वी हिंदुस्थानातील अस्वलाच्या शिकारीचे चित्र इंग्रजांच्या जेवणाच्या ताटावर होते, तेही निळ्या रंगात! ‘इंडियन स्पोर्टिंग’ नावाची ही भांडी आज संग्राहक शोधत फिरतात. हे ज्या छपाईमुळे शक्य झाले, ती बसवणारे जोसाया स्पोड कोण होते?

सहाव्या वर्षी पोरके

स्पोड यांचा जन्म 1733 चा, इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरचा. सहा वर्षांचे असताना वडील गेले. घरात पैसा नव्हता. 1749 मध्ये ते थॉमस व्हिल्डन यांच्या मातीकामाच्या कारखान्यात लागले. मजुरी आठवड्याला 2 शिलिंग 3 पेन्स, काम चांगले केले तर 3 पेन्स जास्त. 1776 मध्ये त्यांनी स्टोक येथे स्वतःचा कारखाना घेतला.

छपाई नेमकी कशी?

तेव्हा निळी-पांढरी चिनी भांडी महाग होती आणि हाताने रंगवायला वेळ लागे. 1784 च्या सुमारास स्पोड यांनी मातीच्या भांड्यांवर निळी छपाई पक्की बसवली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात कोबाल्टची तेलकट शाई भरायची, पातळ कागदावर ठसा घ्यायचा. तो ओला असतानाच एकदा भाजलेल्या भांड्यावर घासून चिकटवायचा, मग कागद पाण्याने धुवायचा. तेल जाळून वर काचेसारखी झिलई द्यायची आणि पुन्हा भट्टी. कोबाल्टच का? कारण झिलईच्या भट्टीची आच तो सोसतो. त्या काळी बाकीचे बहुतेक रंग उडून जात. कागद कापण्या-चिकटवण्याचे काम मुख्यतः बायका आणि मुली करत. त्यांची नावे भांड्यावर नाहीत, मालकाचे मात्र आहे.

मग अस्वल कुठून आले?

स्पोड 1797 मध्ये वारले, हिंदुस्थान न पाहताच. पुढे त्यांच्या मुलाच्या काळात, 1815 च्या सुमारास, थॉमस विल्यमसन यांच्या 1807 च्या शिकारीवरील पुस्तकातील चित्रे भांड्यांवर उतरली. बंगालमध्ये नोकरी केलेल्या या अधिकाऱ्याच्या चित्रांतून वाघीण, बिबट्या, रानडुक्कर इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर पोहोचले.

स्टोकचा तो कारखाना 2008 मध्ये बंद पडला. जुने भांडे हाती आले तर काठाची नक्षी नीट पाहा. कागदाचे दोन तुकडे जुळवलेला सांधा बहुधा तिथेच सापडतो.