जनरल ऑर्ड विंगेट

ऑर्ड चार्ल्स विंगेट यांचा जन्म १९०३ सालीं नैनिताल येथें एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या घरीं झाला. १९२३ सालीं ते तोफखान्यांत अधिकारी झाले. १९४१ सालीं अबिसीनियांत गिडियन फोर्स नांवाच्या लहानशा तुकडीच्या बळावर त्यांनीं आपल्याहून कितीतरी मोठ्या इटालियन सैन्यास जेरीस आणलें, आणि ५ मे रोजीं सम्राट हैले सेलासी यांच्यासमवेत अदिस अबाबांत प्रवेश केला.

१९४२ सालीं जनरल वेव्हेल यांनीं त्यांस हिंदुस्थानांत बोलाविलें. जपानी सैन्याच्या पाठीमागें शिरून त्याचे दळणवळणाचे मार्ग तोडणें, हें नव्या पथकाचें कार्य होतें. ब्रह्मदेशांतील देवळांच्या दारींच्या सिंहसदृश चिंथे मूर्तीवरून या पथकास चिंडिट हें नांव पडलें. त्यांत गुरखे व ब्रह्मी शिपाई होते. इंग्रज शिपायांपैकीं बरेचसे मात्र शहरांत वाढलेले, वयानें थोराड असे संसारी गृहस्थ होते. सागर व झांशी यांकडील रानांत भर पावसाळ्यांत त्यांची तालीम झाली. पाठीवर जड ओझें घेऊन मैलोगणती चालणें, नद्या पोहून जाणें, खेंचरांस पाण्यांतून पार नेणें, होकायंत्रावरून वाट काढणें, हें सारें त्यांस शिकावें लागलें. जे टिकले नाहींत, ते गळाले.

फेब्रुवारी १९४३ मध्यें सुमारें ३,००० शिपाई चिंद्विन नदी ओलांडून गेले. बिनतारी यंत्रानें निरोप धाडावा आणि विमानांनीं आकाशांतून शिधा टाकावा, अशी योजना होती. त्यांनीं रेल्वेमार्ग अनेक ठिकाणीं उडविला. परंतु ज्या जखमी सोबत्यांस चालवेना, त्यांस मागें सोडून जाण्याचा कठोर प्रसंग त्यांजवर आला. सुमारें ८०० शिपाई परतलेच नाहींत.

हें दुःख दुसऱ्या मोहिमेंत पुष्कळ अंशीं टळलें. ५ मार्च १९४४ च्या रात्रीं ग्लायडरांतून शिपाई थेट जंगलांत उतरले व त्यांनीं तेथेंच धांवपट्टी तयार केली. तिच्यामुळें पुष्कळ जखमींस विमानानें परत आणतां आलें. परंतु त्याच महिन्याच्या २४ तारखेस मणिपूरच्या डोंगरांत विमान कोसळून विंगेट मृत्यु पावले. त्या वेळीं त्यांचें वय ४१ वर्षांचें होतें.

मोहिमेचा लाभ मोठा कीं हानि मोठी, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. निवडक पथक जन्मजात वीरांचेंच असावें लागतें असें नाहीं. सामान्य माणसेंही खडतर अभ्यासानें त्या योग्यतेस चढतात. परंतु त्यांजकडून असें साहस मागणाऱ्या नायकानें त्यांच्या परतीच्या वाटेचीही तितकीच चिंता वाहिली पाहिजे, हें विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवावें.