अध्यक्ष रॉय आणि एक लाख पौंड

रॉय हे नाव वाचून मला आधी वाटलं, कोणी कलकत्त्याचा बाबू असणार. पावसामुळे लायब्ररीत अडकलो होतो, म्हणून एक जाडजूड पुस्तक चाळायला घेतलं, तर गडी निघाला अमेरिकेतला आणि अध्यक्ष झाला थेट आफ्रिकेत!

एडवर्ड जेम्स रॉय १८१५ साली ओहायो राज्यातल्या नेवार्क गावी जन्मला. स्वतंत्र काळ्या कुटुंबातला, शिकलेला. काही दिवस मास्तरकी केली, मग धंदा. पण तिथे काळ्या माणसाला मान कुठला? १८४६ मध्ये त्याने लायबेरिया गाठलं. दुसऱ्याच वर्षी तो देश स्वतंत्र झाला. जहाजांच्या व्यापारात रॉय गबर झाला, पुढे सरन्यायाधीशही.

१८६९ ची निवडणूक चुरशीची झाली. सत्तेतल्या रिपब्लिकन पक्षात उजळ रंगाच्या मिश्रवंशीयांचा वरचष्मा. म्हणजे अमेरिकेतून सुटून आले, पण रंगाची उतरंड बोचक्यात बांधूनच! (आपल्याला हे नवीन नाही म्हणा.) नव्या ट्रू व्हिग पक्षाच्या गडद वर्णाच्या रॉयने अध्यक्ष जेम्स पेन यांना हरवलं. मूळच्या आफ्रिकी जमाती मात्र या खेळाच्या बाहेरच.

रॉयला रस्ते, शाळा, रेल्वे असं सगळंच हवं होतं. तिजोरीत खडखडाट. म्हणून १८७१ मध्ये लंडनहून १ लाख पौंडांचं कर्ज काढलं, व्याज ७ टक्के. त्यातले ३० हजार सुरुवातीलाच कापले, वर तीन वर्षांचं व्याज २१ हजार आगाऊ. उरले फार तर ४९ हजार, फेड मात्र पुऱ्या लाखाची! वहीच्या मागच्या पानावर मी हिशोब मांडला, तर हाती आलेल्या पैशावर व्याज १४ टक्क्यांच्या वर जातं. माझ्या शिक्षणकर्जावर सही करताना बाबांनी चष्मा दोनदा का पुसला, ते तेव्हा कळलं.

लोक भडकले. त्यात मुदतीचा घोळ. अध्यक्षाची मुदत दोन वर्षांची; ती चार करायची दुरुस्ती वादात होती. रॉय म्हणे चारच. विरोधकांनी तिकडे जुने अध्यक्ष जोसेफ रॉबर्ट्स यांना निवडूनही आणलं. २६ ऑक्टोबर १८७१ ला रॉयला पदावरून हटवलं, तुरुंगात टाकलं. मला विचाराल तर त्याचा हट्ट चुकलाच, पण रेल्वेचं स्वप्न खोटं नव्हतं.

१८७२ मध्ये तो गेला. कसा, यावर एकमत नाही. निसटून जहाज गाठताना बुडाला, असं बरेच जण सांगतात. त्याचा पक्ष मात्र १८७८ पासून १९८० पर्यंत सलग सत्तेत राहिला. आणि गंमत बघा, पुढे लायबेरियाच्या पाच डॉलरच्या नोटेवर चेहरा छापला, तो याच कर्जबाजारी रॉयचा.