प्लगला पकड देणारे हार्वी हबेल

माजलगाव : प्लग मोडला की वायरची उघडी टोके थेट सॉकेटच्या भोकांत घालावीत आणि ती निसटू नयेत म्हणून वर काडीपेटीच्या काड्या ठोकाव्यात, हा प्रघात माजलगावसारख्या तालुक्याच्या गावांतच नव्हे, तर मोठ्या शहरांतही सर्रास आढळतो. ही काडी जे काम जिवावर उदार होऊन करते, तेच निर्धोकपणे करणारी रचना अमेरिकेतील हार्वी हबेल यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केली. विद्युत साहित्याच्या व्यवसायात त्यांचे नाव जगभर परिचित आहे; आपल्याकडे ते क्वचितच घेतले जाते.

हबेल यांचा जन्म १८५७ सालचा. १८८८ मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे लहानसा कारखाना काढला. पहिले उत्पादन विजेचे नव्हतेच. दुकानांत वेष्टनाचा कागद गुंडाळून ठेवण्याचे व दातेरी पात्याने फाडण्याचे ते साधन होते. १८९६ मध्ये साखळी ओढून दिवा लावण्या-विझवण्याच्या होल्डरचे पेटंट त्यांना मिळाले.

त्या काळी घरात वीज येई ती प्रामुख्याने दिव्यासाठी. एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, तरी भिंतीवर सॉकेट नसे. पंखा वा इस्त्री चालवायची तर दिवा काढून त्याच्या होल्डरमध्ये आटे फिरवून जोडणी करावी लागे आणि त्यासोबत सारी वायरही पिळली जाई. एका करमणूक केंद्रातील नोकर यंत्रांच्या वायरी एकेक करून सोडवत असल्याचे पाहून हबेल यांना कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. नोव्हेंबर १९०४ मध्ये त्यांना मिळालेल्या पेटंटांतील प्लग दोन भागांचा होता. एक भाग होल्डरमध्ये कायम बसवायचा. दुसरा, वायर जोडलेला, हवा तेव्हा सरळ ओढून काढायचा.

खरी करामत पुढेच आहे. सहज निघणारी वस्तू आपोआपही निसटू शकते. म्हणून त्यांनी गोल पिनांवर खाच ठेवली आणि आतील स्प्रिंगदार पट्टी त्या खाचेत बसेल अशी योजना केली. हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. पकड ढिली झाली की धातूला धातू जेमतेम टेकतो, जोडाचा रोध वाढतो, तो भाग तापतो. तापलेल्या पट्टीचा ताण जातो आणि पकड आणखी ढिली होते. काळवंडलेल्या सॉकेटमागे बहुधा हेच चक्र असते. त्याच वर्षी हबेल यांनी चपट्या पात्यांचा प्लगही आणला. पुढे १९१२-१३ च्या सुमारास ती पाती समांतर झाली. अमेरिकी प्लगच्या पात्यांवर आजही दिसणारी छिद्रे त्या जुन्या पकडीची खूण होय.

भारतातील गोल पिनांचा प्लग मात्र या घराण्यातला नव्हे. तो १९३४ च्या ब्रिटिश मानकाच्या वळणाचा असून आपल्याकडे त्यासाठी आयएस १२९३ हे मानक आहे. पितळी पिनेला मधोमध दिलेली चीर मात्र तेच काम करते. पिन सैल झाली की वायरमन स्क्रू-ड्रायव्हरने ती चीर किंचित फाकवतो. आतील पट्टीच थकली असेल, तर या उपायाने चार दिवसच निभावते.

हबेल यांचे १९२७ मध्ये निधन झाले. कारखान्याची सूत्रे त्यांच्याच नावाच्या चिरंजीवांकडे गेली.