विजय मर्चंट : धावफलकाबाहेरची खेळी

वरळी कोळीवाड्याच्या बोळांतून, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीखालून वाट काढत समुद्राकाठच्या हमरस्त्याला लागावे. त्याच खान अब्दुल गफारखान मार्गावर नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, या संस्थेचे मुख्यालय आहे. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेच्या कामात क्रिकेटमधले एक मोठे नाव गुंतलेले होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. ते नाव विजय मर्चंट यांचे.

१२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईतल्या धनाढ्य ठाकरसी घराण्यात त्यांचा जन्म झाला. शाळेत नाव सांगताना वडिलांच्या व्यवसायावरून घोटाळा झाला आणि ठाकरसींचे मर्चंट झाले. घरच्या कापड गिरण्या होत्या. पण मुलाचा जीव रमला तो बॅटमध्ये. १९४३-४४ च्या पंचरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून नाबाद २५० आणि त्याच मोसमात महाराष्ट्राविरुद्ध मुंबईसाठी नाबाद ३५९! प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी ७१.६४ होती, आणि मोठी कारकीर्द झालेल्या फलंदाजांत त्यांच्या पुढे एकटा ब्रॅडमन. कसोट्या मात्र दहाच वाट्याला आल्या. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढल्या, त्याच कसोटीत खांदा दुखावला आणि त्यांनी बॅट खाली ठेवली.

पुढे निवड समितीचे अध्यक्ष असताना १९७१ मध्ये त्यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी आपल्या अजित वाडेकरांकडे कर्णधारपद आले. रेडिओवरचा त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम तर घराघरांत ऐकला जाई.

पण मर्चंटांची दुसरी खेळी धावफलकावर कधीच लागली नाही. अंध आणि अपंग माणसांना काम मिळवून देणे, हे त्यांनी आपले व्रत मानले. त्या काळी आपल्याकडे अपंगत्वाकडे पाहण्याच्या दोनच तऱ्हा होत्या. एक, गेल्या जन्मीचे भोग म्हणून सुस्कारा टाकणे. दुसरी, देवळाच्या पायरीवर हातात नाणे ठेवून पुण्य गाठीशी बांधणे. घरातला असा मुलगा पाहुणे आले की आतल्या खोलीत जाई. मर्चंटांनी नाण्याऐवजी हजेरीपट पुढे केला. स्वतःच्या गिरणीत त्यांनी अपंगांना कामावर घेतले आणि इतर उद्योजकांकडेही त्यांच्यासाठी शब्द टाकला.

दान आणि पगार यांत फरक काय? दान घेताना मान खाली जाते. पगार घेऊन घरी आलेल्या माणसाला घरातल्या निर्णयात मत विचारले जाते. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत त्यालाही बसवले जाते.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मर्चंट गेले. तोवर १९८२ च्या संपाने गिरणगावाचा कणा मोडला होता. पुढे भोंगे एकेक करून थांबले. धडधाकट गिरणी कामगारच रस्त्यावर आला, तिथे अपंगांची काय कथा! एका भल्या मालकाच्या शब्दावर मिळालेली नोकरी त्या मालकाच्या आणि गिरणीच्या आयुष्याएवढीच टिकते, हा या चरित्रातला कडू धडा आहे. चांगुलपणाला कायद्याचा आधार लागतो. तो १९९५ च्या कायद्याने दिला. सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या गेल्या. २०१६ च्या कायद्याने त्या किमान चार टक्के केल्या आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीस झाले.

तरीही कायदा दारापर्यंतच येतो. उंबरा ओलांडायचा तो आपल्यालाच. कोळीवाड्याच्या गल्लीत चाकाची खुर्ची वळत नाही, हे जागेच्या टंचाईचे दुखणे म्हणता येईल. पण प्रशस्त कचेरीच्या दारात तीन पायऱ्या असतात आणि उतरंड नसते, ती कशाची टंचाई? मुलाखतीला आलेल्या अंध पदवीधराचे प्रमाणपत्र न वाचता त्याच्या सोबत्यालाच प्रश्न विचारले जातात, ती कशाची?

मर्चंटांचे नाव आज सोळा वर्षांखालील मुलांच्या क्रिकेट करंडकाला आहे. ते योग्यच. पण त्यांचे खरे स्मारक करंडकात नाही. पुढच्या महिन्यात तुमच्या-माझ्या दुकानात, कारखान्यात किंवा कचेरीत एखादी जागा रिकामी होईल. त्या जागेसाठी पांढरी काठी घेऊन कोणी आलाच, तर त्याला खिशातले नाणे द्यायचे की बसायला खुर्ची, एवढेच आपण ठरवायचे आहे.